धरून कोण ठेवतं?

ओव्हनमध्ये केक ठेवला की पुढचं बरंचसं काम आच करते. अंड्यातलं प्रथिन घट्ट होतं, पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, साखर रंगते आणि पातळ मिश्रणाचं एकसंध काहीतरी होऊन बाहेर येतं. बेक न करता करायच्या खाऊला ही मदत मिळत नाही. भांड्यात जे कालवलं तेच ताटलीत येणार. म्हणून मुलांसाठी असा खाऊ करायला घेताना चवीच्याही आधी एक प्रश्न विचारावा: याला धरून कोण ठेवणार? वड्या भुसभुशीत झाल्या, गोळे बसके झाले, चॉकलेट हाताला लागून पाघळलं, या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

धरून ठेवणारे तसे मोजकेच आहेत. सुक्या फळांचा किंवा मधाचा चिकटपणा, गार झाल्यावर घट्ट होणारं लोणी किंवा चॉकलेट, आणि फ्रीझरमधला बर्फ. आपल्या पदार्थात यांतलं कोण कामाला लागलंय हे एकदा कळलं, की कृती पाठ करावी लागत नाही. बिघडलेलं सुधारताही येतं.

सुरुवात खजुरापासून करावी, कारण तो चूक पोटात घालतो. बी काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, बदाम किंवा अक्रोड १०० ग्रॅम, रोल्ड ओट्स ५० ग्रॅम, एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात साधारण २० ग्रॅमचे १७-१८ गोळे होतात. मीठ गाळू नका. गोड पदार्थात ते खारट लागत नाही, पण नसलं तर नुसता सपाट गोडवा उरतो.

क्रम महत्त्वाचा आहे. बदाम कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटं परतून घ्यायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम बदाम मिक्सरमध्ये घातले तर तेल लवकर सुटतं. गार बदामसुद्धा थांबून थांबून फिरवावे लागतात, कारण पातं सलग फिरलं की उष्णता तयार होते, दाण्यातलं तेल बाहेर येतं आणि भरड पूड व्हायच्या ऐवजी लगदा होतो. भरड पूड काढून ठेवली की त्याच भांड्यात ओट्स बारीक करायचे, आणि सगळ्यात शेवटी खजूर. उलटं केलं, म्हणजे खजूर आधी घातला, तर तो पात्याखाली चिकटून बसतो आणि वर टाकलेला सुका मेवा अख्खाच राहतो.

खजूर टाकायच्या आधी प्रत्येक फळ बोटांनी उघडून बघावं. बी काढलेला म्हणून विकत घेतलेल्या पाकिटातही एखादं बी राहून जातं. ते पात्याला तर लागतंच, पण तुकडा होऊन लहान दाताखाली आलं तर फार वाईट. खजूर कोरडा असेल तर कडकडीत पाण्यात १० मिनिटं भिजवून, निथळून, फडक्यात दाबून कोरडा करायचा. इथे घाई केली की पुढे सगळं सैल होतं.

आता मिक्सरचा आवाज ऐकायचा. आधी खजुराचे वाटाण्याएवढे तुकडे पात्याभोवती उडत राहतात आणि खडखड येत राहते. मग आवाज जड होतो, तुकडे एकमेकांना पकडायला लागतात, आणि बघता बघता सगळं गोळा होऊन भांड्याच्या कडेने लोळू लागतं. तिथे थांबायचं. आता बदामाची पूड, ओट्स, कोको आणि मीठ हाताने मळून घ्यायचं. चिमूटभर मिश्रण दोन बोटांत दाबून बघावं. दाबल्यावर आकार धरला आणि बोटाला फारसं लागलं नाही, म्हणजे मिळून आलं. चिरा पडत असतील तर कोमट पाणी घालायचं, पण एका वेळी एकच छोटा चमचा. हाताला लदलदा लागत असेल तर ओट्सची पूड एक मोठा चमचा घालून १० मिनिटं झाकून ठेवावं. ओट्सना ओल ओढून घ्यायला तेवढा वेळ लागतो. ही १० मिनिटं न थांबता आणखी आणखी पूड घालत गेलं, की संध्याकाळी गोळे वीट झालेले असतात.

वळायचं काम मुलांचं. त्यांच्या तळहातावर मोठ्यांच्या मापाचा गोळा मावत नाही, म्हणून त्यांच्यासाठी १५ ग्रॅमचे भाग करून द्यावेत. हात किंचित ओले हवेत, थेंब गळतील इतके नाही. मूल आधी दोन्ही हातांत दाबून दाबून चपटं करतं, मग तळहात गोल फिरवायच्या ऐवजी पुढेमागे घासतं, आणि त्याची गोळीऐवजी वात होते. अशा वेळी हातातून घेऊन दुरुस्त करू नये. ‘वरचा हात फिरव, खालचा तसाच ठेव’ एवढं सांगितलं की दोन-तीन गोळ्यांत हात बसतो. वातीसुद्धा खोबऱ्याच्या किसात घोळवल्या की तितक्याच चांगल्या लागतात.

ओव्हन नाही म्हणजे भाजण्याचा धोका कमी, हे खरं आहे. पण आच नाही म्हणजे जंतू मारणारंही कोणी नाही, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. कुकीचं कच्चं पीठ खायला देण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं: मैदा आणि कणीक कच्ची खायची नाही. पीठ कोरडं आणि स्वच्छ दिसतं, पण ते शेतातून आलेल्या धान्याचं असतं आणि दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे दोन्ही जंतू पिठातून पोटात गेल्याची उदाहरणं आहेत. घरी कढईत भाजून ते नक्की मरतील याचाही भरवसा नाही, कारण कोरड्या पिठात ते उष्णतेला जास्त तग धरतात. तशी चव हवीच असेल तर रोल्ड ओट्स दळून त्यांचं पीठ वापरावं. रोल्ड ओट्स तयार करतानाच वाफवलेले असतात, म्हणून ते न शिजवता खाता येतात. कच्चं अंडं असलेली कोणतीही कृती लहान मुलांसाठी बाजूलाच ठेवावी.

मधाचंही तसंच. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, चाटवायचासुद्धा नाही. त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. घरी मध गरम केल्याने हे बीजाणू मरत नाहीत. मोठ्या भावंडासाठी केलेली वडी बाळाच्या हातात जाते, म्हणून हे खाऊ करणाऱ्याच्या डोक्यात कायम असायला हवं.

आणि घशात अडकणं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा सुका मेवा नको, पूड किंवा पातळ पसरलेलं बटर चालतं. पीनट बटरचा चमचाभर गोळा तसाच तोंडात देऊ नये, तो टाळूला आणि घशाला चिकटतो. द्राक्षं उभी चिरून चार फोडी कराव्यात. आडवी चिरली तर तुकडा गोलच राहतो, आणि गोल तुकडा श्वासनलिकेत बुचासारखा बसतो. मूल बसून खात असावं, पळत नव्हे.

आता ओट्सच्या वड्या. बहुतेकांच्या याच बिघडतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: धरणारं कमी आणि दाब कमी. १८ सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यासाठी २०० ग्रॅम रोल्ड ओट्स, ५० ग्रॅम बारीक चिरलेले मनुके किंवा जर्दाळू, ३० ग्रॅम भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया, १२० ग्रॅम पीनट बटर, १०० ग्रॅम मध आणि पाव छोटा चमचा मीठ. म्हणजे कोरडं २८० ग्रॅम आणि चिकट २२० ग्रॅम. ‘जरा जास्त पौष्टिक’ म्हणून मूठभर बिया वरून टाकल्या की हा तोल ढळतो. कोरडं वाढवलं तर चिकटही त्याच मापात वाढवा.

ओट्स कढईत ६-७ मिनिटं परतले की कच्ची चव जाते आणि दातांना कुरकुरीत लागतात. मध आणि पीनट बटर एकत्र मंद आचेवर सैल होईपर्यंतच गरम करायचं. बुडबुडे यायला लागले की उतरवायचं, उकळत ठेवलं तर पाणी उडून वड्या कडक होतात. सगळं कालवून, कागद लावलेल्या डब्यात ओतायचं. कागद दोन बाजूंनी बाहेर येईल इतका लांब घ्या, नंतर त्यालाच धरून आख्खी लादी उचलता येते. मग सपाट बुडाचा पेला घेऊन दाबायचं, आणि इथे हात राखायचा नाही. पूर्ण वजन टाकून, कोपऱ्यांपासून मध्याकडे, दोन-तीन वेळा. दाणे जितके एकमेकांना टेकतील तितका मध त्यांना पकडतो. मध्ये हवा राहिली की सुरी लागताच वडी फुटते. फ्रिजमध्ये दोन तास, मगच कापायचं. लादीच्या १६ वड्या होतात, एकेक साधारण ३० ग्रॅमची. स्टील-कट ओट्स, म्हणजे चपटे न करता नुसते कापलेले, यात चालत नाहीत, ते न शिजवता खड्यासारखे लागतात.

कुरमुरे आणि मार्शमेलोच्या वड्यांत मात्र नेमकं उलटं. ४० ग्रॅम लोणी आणि २८० ग्रॅम मार्शमेलो अगदी मंद आचेवर वितळवायचे, आच बंद करून ६ कप कुरमुरे मिसळायचे आणि तेल लावलेल्या हाताने नुसते थोपटून पसरवायचे. इथे दाबलं की कुरमुऱ्यातली हवा जाते आणि वडी चिवट होते. आच मोठी केली तरी तेच, साखर घट्ट होत जाते. कुरमुरे मऊ पडलेले असतील तर आधी ३-४ मिनिटं परतून गार करून घ्या. मार्शमेलो तिथल्या तिथे गार होऊ लागतात, म्हणून डबा, कागद, तेल सगळं आधी मांडून ठेवायचं. हे काम मोठ्यांचं. वितळलेली साखर हाताला चिकटून राहते आणि पाण्यापेक्षा जास्त भाजते.

चॉकलेटकडे जरा सावकाश जायला हवं, कारण ते लहरी वाटतं पण तसं नाही. त्याचे नियम पक्के आहेत, आपण ते मोडतो. पहिला नियम पाण्याचा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे अतिशय बारीक, कोरडे कण चरबीत तरंगत असतात. त्यात पाण्याचे चार थेंब पडले, ओल्या चमच्याने ढवळलं किंवा वाफ आत गेली, की हे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चकाकणारं पातळ चॉकलेट क्षणात रवाळ, दाट गोळा होतं. ते परत पूर्वीसारखं होत नाही. पण फेकायचंही नाही. एकेक चमचा गरम दूध घालून ढवळत राहिलं की त्याचा गुळगुळीत सॉस होतो, आणि तो केळ्यांवर घालायला उत्तम.

दुसरा नियम आचेचा. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसला छान वितळतं, दुधाचं आणि पांढरं त्याहून थोडं कमी तापमानाला. म्हणून पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यावर वाडगा, वाडग्याचं बूड पाण्याला न टेकता, आणि पाणी हलकं गरम, खळखळणारं नाही. मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर अर्ध्या शक्तीवर ३० सेकंद, ढवळा, मग १५-१५ सेकंद. थोडे तुकडे शिल्लक असतानाच बाहेर काढून ढवळत राहिलं तर उरलेले आपोआप वितळतात. मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेट आकार न सोडता आतून जळू शकतं. डोळ्यांना अख्खं दिसतं म्हणून परत लावलं की कडू वास येतो.

यातून बिस्किटांची लादी करावी. २०० ग्रॅम साधी बिस्किटं, १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, ६० ग्रॅम लोणी, २ मोठे चमचे मध, ५० ग्रॅम मनुके. बिस्किटं जाड पिशवीत घालून, तोंड थोडं उघडं ठेवून हवा जाऊ द्यायची, आणि मुलाच्या हातात लाटणं द्यायचं. तुकडे नखाएवढे हवेत, सुमारे पाव भाग भुगा. सगळाच भुगा केला तर तो चरबी पिऊन घट्ट होतो, आणि सगळेच मोठे तुकडे ठेवले तर मधल्या फटी भरत नाहीत. चॉकलेट, लोणी आणि मध वितळवून ५ मिनिटं बाजूला ठेवायचं, मगच बिस्किटं घालायची. गरम गरम ओतलं तर बिस्किटं मऊ पडतात. त्याच १८ सेंटिमीटरच्या डब्यात दाबून बसवा, फ्रिजमध्ये दोन तास. काढल्यावर लगेच सुरी लावू नका, १० मिनिटं बाहेर ठेवा. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने २५ लहान तुकडे करा. पुसणं विसरू नका.

काही दिवसांनी चॉकलेटवर पांढरे पट्टे दिसतात. ती बुरशी नसते, कोकोची चरबी वर येऊन पुन्हा गोठलेली असते. खायला हरकत नाही. खोबरेल तेलावर घट्ट होणाऱ्या कृतींबद्दल एक लक्षात ठेवावं: ते तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. फ्रिजमध्ये दगडासारखी असलेली वडी गरम दिवसात डब्यात जाईपर्यंत तेलकट चिखल होते. डब्यात द्यायचा खाऊ खजुराचा किंवा मधाचा असावा.

गोठवायच्या खाऊत दही सगळ्यांत सोपं, पण पातळ दही घेतलं तर दातांना नुसता बर्फ लागतो. फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ३-४ तास निथळवलं की चक्का तयार होतो. ५०० ग्रॅम चक्क्यात २ मोठे चमचे मध घालून, कागद लावलेल्या ताटात अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा. वरून फळांचे तुकडे, पण फडक्याने टिपून, कारण फळावरच्या पाण्याचे खडे होतात. ३-४ तासांनी हाताने तोडून लगेच डब्यात, डबा फ्रीझरमध्ये. हे दहा मिनिटांत पाघळतं, तेव्हा ताटलीत एकेकच वाढावं.

केळ्याला तर कोणाचीच मदत लागत नाही. सालीवर काळे ठिपके आलेली दोन केळी, एक सेंटिमीटरच्या चकत्या, एकमेकींना न टेकवता ४-६ तास गोठवायच्या. मिक्सरमध्ये पहिल्यांदा त्यांचा भुगा होतो, मग ओल्या वाळूसारखं काहीतरी, आणि वाटतं की दूध घालावं. घालू नका. कडा खरवडून पुन्हा फिरवा. एका क्षणी ती वाळू अचानक लोण्यासारखी मऊ होते. हे दृश्य मुलांना आवर्जून दाखवावं. कच्चट केळ्याचं असं होत नाही, त्यातला स्टार्च अजून साखरेत बदललेला नसतो आणि जिभेला खडूसारखं लागतं.

मुलांना काय करू द्यावं, याचा अंदाज वयापेक्षा हातांवरून घ्यावा. तरीही ढोबळमानाने दोन-तीन वर्षांचं मूल ओतू, थोपटू, घोळवू शकतं. चार-पाचचं वळू शकतं आणि बोथट सुरीने केळं कापू शकतं. सहा-सातव्या वर्षी वजनकाटा द्यावा. वाडगा ठेवून काटा शून्यावर आणायचा, २०० येईपर्यंत ओतायचं, पुन्हा शून्य. वजन करणारं मूल कृतीत राहतं, नुसतं ढवळणारं पाच मिनिटांत उठून जातं. मिक्सरचं पातं आणि शेगडी मोठ्यांकडे. हात साबणाने २० सेकंद, आणि बोट चाटलं की पुन्हा.

दुसऱ्यांच्या मुलांना देणार असाल तर शेंगदाणे, सुका मेवा, तीळ, दूध, गहू यांची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा. पीनट बटरऐवजी सूर्यफुलाच्या बियांचं बटर त्याच मापात चालतं. पण ज्या मिक्सरच्या भांड्यात आदल्या दिवशी शेंगदाणे फिरले, ते घासून-पुसून स्वच्छ केल्याशिवाय त्यात हात घालू नका, पात्याखालच्या रबरी वायसरसकट.

हा खाऊ घरचा आहे म्हणून तो हवा तितका खावा, असं मात्र मी म्हणणार नाही. मध हीसुद्धा साखरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवायला सांगितलं आहे, आणि त्या हिशेबात मध धरलेला आहे. खजूर दातांच्या फटीत चिकटून राहतो, म्हणून तो दिवसभर येता-जाता न देता जेवणाला जोडून द्यावा आणि वर पाणी प्यायला लावावं.

खजुराचे गोळे झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर चांगले राहतात, फ्रीझरमध्ये तीन महिने. ताजं फळ आत घातलं असेल तर दोन दिवसांत संपवा. दह्याचं किंवा क्रीमचं काहीही बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, फार उकाड्यात एकच तास. डब्यावर तारीख लिहा. आणि इतकं करूनही ओट्सची लादी कापताना फुटलीच, तर ती कढईत ४-५ मिनिटं परतून गार करा आणि बरणीत भरा. सकाळी दह्यावर घालायला तोच चुरा उपयोगी पडतो.